वानरांचा ‘सूड’ आणि मेंदूतले ‘केंद्र’

लोणारच्या विवरात उतरणाऱ्याला बहुधा वाटेतच वानरे भेटतात. देवळांच्या भिंतींवर, उतारावरच्या झाडांत ती निवांत बसलेली असतात. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची ही वानरे इथल्या मुलांच्या इतकी सवयीची आहेत की त्यांच्याबद्दल वर्गात फारसे कोणी काही विचारत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये मात्र वानरांची एक बातमी देशभर आणि देशाबाहेरही गाजली. लोणारच्या दक्षिणेला, सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर, बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यात लवूळ हे गाव आहे. तिथली वानरे कुत्र्याची पिल्ले उचलून झाडांवर आणि घरांच्या छतांवर नेत होती, आणि बरीच पिल्ले मेली. बातमीत सांगितले गेले ते असे : कुत्र्यांनी वानराचे एक पिल्लू मारले, म्हणून वानरांनी सूड घ्यायला सुरुवात केली. मेलेल्या पिल्लांचा आकडा २५० असा सगळीकडे छापून आला. काही बातम्यांत तो बराच कमी होता. शेवटी वनविभागाने दोन वानरे पकडून दुसरीकडे जंगलात सोडली, आणि बातमी संपली.

या लेखात टीका करायची आहे ती गावकऱ्यांवर नाही. त्यांनी जे पाहिले ते सांगितले, आणि त्यांची काळजी खरी होती. टीका आहे ती त्या घटनेला चिकटलेल्या स्पष्टीकरणावर. आक्रमक वागणुकीबद्दल आपल्याकडे दोन तयार स्पष्टीकरणे असतात. एक गोष्टींतले : ‘त्याने सूड घेतला’. दुसरे विज्ञानाचा अंगरखा घातलेले : ‘मेंदूत रागाचे केंद्र असते, ते चेतवले की प्राणी हल्ला करतो’. पहिले ऐकून आपण हसू, दुसरे कदाचित वहीत लिहून घेऊ. पण दोहोंत खोट एकच आहे. दोन्ही स्पष्टीकरणे हल्ला करणाऱ्याच्या आत बोट दाखवतात आणि बाकीचे सगळे पुसून टाकतात.

बातमीला विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न साधा आहे. माकड की वानर? मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत. लाल तोंडाचे ते माकड आणि काळ्या तोंडाचे ते वानर. दोघांच्या टोळ्यांची रचना वेगळी, खाणे वेगळे, भांडणांच्या रीती वेगळ्या. आपल्या आजीला माहीत असलेला हा फरक बऱ्याच बातम्यांतून गळून गेला.

दुसरा प्रश्न : पिल्ले उचलत कोण होते? हुप्प्या, की माद्या? वानरांच्या टोळीत माद्या एकमेकींची पिल्ले सर्रास घेतात. जन्मल्यानंतर काही तासांतच एखादे पिल्लू आईकडून दुसरीकडे, तिच्याकडून तिसरीकडे जाते. ज्या प्राण्यात दुसऱ्याचे पिल्लू उचलून कवटाळण्याची इतकी ओढ आहे, त्याने कुत्र्याचे पिल्लू उचलले तर ‘सूड’ हा शब्द मनात येण्याआधी ही ओढ आठवायला हवी. उंचावर नेलेले कुत्र्याचे पिल्लू वानराच्या पिल्लासारखे पोटाला घट्ट धरून बसू शकत नाही. त्याला दूध मिळत नाही. ते उपाशी राहते, किंवा पडते. मरण तेच, पण त्यामागचे वागणे अगदी निराळे असू शकते.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. सूड म्हणायचे तर काय दिसले पाहिजे? सूड या प्राण्यांना अशक्यच आहे असे नाही. जपानी माकडांवर १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की मार खाल्लेले माकड नंतर कधी कधी मारणाऱ्यावर न जाता त्याच्या नातेवाइकावर जाते, आणि मार खाल्लेल्याचे नातेवाईकही तसे करतात. पण हे कसे ठरवले ते पाहा. भांडणानंतरचा ठराविक वेळ आणि भांडण झालेले नसतानाचा तेवढाच वेळ, या दोन्हींत कोण कोणावर गेले याची मोजदाद करून तुलना केली. लवूळच्या गोष्टीत ही दुसरी बाजूच नव्हती. कुत्र्यांनी वानराचे पिल्लू मारले नव्हते तेव्हा ही वानरे काय करत होती? हा प्रश्न न विचारता ‘म्हणून’ हा शब्द वाक्यात घातला गेला. विज्ञानात सर्वांत महाग शब्द कोणता असेल तर तो ‘म्हणून’.

धारवाडचे हुप्पे

वानरांच्या क्रौर्याचा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता, आणि त्यांच्यात त्यावरून कडाक्याचे वाद झाले. १९५८ ते १९६० या काळात फिलिस जे या संशोधिकेने उत्तर प्रदेशात आणि बस्तरच्या जंगलात वानरांचा अभ्यास केला. तिला ती शांत, सलोख्याने राहणारी वाटली. त्यानंतर थोड्याच काळाने युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने आपल्या शेजारच्या धारवाडच्या जंगलात वेगळेच काही पाहिले. बाहेरच्या नरांच्या टोळक्याने एका टोळीवर हल्ला केला, जुन्या हुप्प्याला हाकलले, त्यांच्यातल्या एकाने टोळी ताब्यात घेतली आणि त्यानंतर टोळीतली पिल्ले मारली गेली. पुढे जोधपूरला मोहनोत यांनी आणि अबूच्या पहाडावर सारा हर्डी यांनी अशाच घटना नोंदल्या.

एका बाजूने म्हटले गेले की ही विकृती आहे, दाटीवाटीने आणि माणसांच्या सान्निध्याने आलेली. हर्डी यांचे म्हणणे वेगळे होते. पिल्लू गेले की मादी लवकर पुन्हा माजावर येते, आणि नव्या हुप्प्याला स्वतःची संतती लवकर मिळते. हुप्प्या हे गणित मांडत नाही. ज्यांच्यात अशी वागणूक होती त्यांची संतती अधिक टिकली, एवढाच याचा अर्थ. वाद बरीच वर्षे चालला. १९९९ साली नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांच्या डीएनए तपासणीतून दिसले की पिल्लांवर हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते.

यातून शिक्षकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. धारवाडचा हुप्प्या जन्मतः ‘मारकुटा’ होता असे कोणीही सिद्ध केले नाही. तोच नर, स्वतःची पिल्ले जन्मल्यावर, त्यांचे रक्षण करतो. त्याचा मेंदू बदलून दुसरा बसवलेला नसतो. बदललेली असते ती टोळीतली त्याची जागा.

एका कळीची गोष्ट

आता मेंदूकडे वळू. ‘रागाचे केंद्र’ ही कल्पना हवेतून आलेली नाही. झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी मांजरांच्या मेंदूत, हायपोथॅलॅमस या तळाशी असलेल्या भागात, बारीक तार घालून सौम्य वीजप्रवाह दिला. शांत बसलेले मांजर फिस्कारले, केस उभारले, पंजा मारला. या आणि अशा कामासाठी हेस यांना १९४९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण १९६२ साली वॉसमन आणि फ्लिन यांनी याच भागात जवळजवळच्या जागा चेतवून पाहिल्या. एका जागी मांजर फिस्कारून हल्ला करी. दुसऱ्या जागी ते आवाज न करता, केस न उभारता उंदराकडे जाऊन चावा घेई. घरी मांजर पाळणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. उंदरावर झेप घेणारे मांजर रागावलेले नसते, कुत्र्यापुढे पाठ उंचावणारे असते. म्हणजे ‘आक्रमण’ हीच मुळात एक गोष्ट नाही. मग त्याचे एक केंद्र कसे असणार?

सर्वांत गाजलेला प्रयोग १९६३ चा. स्पेनमधल्या कॉर्दोबाजवळ होसे देल्गादो यांनी झुंजीच्या बैलाच्या मेंदूत तारा बसवल्या आणि स्वतः रिंगणात उतरले. बैल धावून आला. देल्गादोंनी हातातल्या यंत्राची कळ दाबली आणि बैल थबकला. वर्तमानपत्रांनी लिहिले, रागाची कळ सापडली! पुढे १९७३ साली एलियट व्हॅलेन्स्टाइन यांनी या प्रयोगाची चिकित्सा केली. तार हालचालींशी संबंधित भागात होती. कळ दाबल्यावर बैल एका बाजूला वळत होता, म्हणजे त्याची धाव मोडत होती. धाव मोडली याचा अर्थ राग मावळला असा होत नाही. सायकलचा ब्रेक दाबला तर स्वाराचा बाजारात जायचा विचार बदलत नाही.

गंमत अशी की देल्गादोंच्याच दुसऱ्या एका निरीक्षणात खरे उत्तर दडलेले होते. एकाच माकडिणीच्या मेंदूत, त्याच जागी, तसाच प्रवाह देऊन त्यांनी तिला निरनिराळ्या गटांत ठेवून पाहिले. ज्या गटात तिची पत वरची होती तिथे ती इतरांवर धावून जाई. ज्या गटात ती तळाला होती तिथे ती क्वचितच कोणाला डिवचे, उलट स्वतःच मार खाई. तार तीच, प्रवाह तोच. फरक भोवतालच्या सोबत्यांत.

१९५४ चा एक प्रयोग याहूनही बोलका आहे. रोझवोल्ड, मिर्स्की आणि प्रिब्रॅम यांनी आठ तरुण नर माकडांच्या गटात कोण वरचढ, कोण खालचा हे नोंदले. सर्वांत वरच्या ‘डेव्ह’च्या मेंदूतला अमिग्डाला हा भाग शस्त्रक्रियेने काढला. डेव्ह तळाला गेला. मग वर आलेल्या ‘झीक’वर तीच शस्त्रक्रिया झाली, तोही घसरला. इथे थांबले असते तर पाठ्यपुस्तकात एक सोपे वाक्य गेले असते. पण त्यांनी तिसऱ्या ‘रिव्हा’वरही शस्त्रक्रिया केली, आणि रिव्हाची जागा हलली नाही. त्याच्या खालच्या क्रमांकावरचे माकड त्याला आव्हान देणाऱ्यांतले नव्हते. मेंदूला झालेली इजा तीच, पण तिचा परिणाम शेजाऱ्याच्या स्वभावावर ठरला.

केंद्राऐवजी जाळे

आज या प्रश्नावर पुष्कळ काम उंदरांवर होते, आणि साधने हेस यांच्या तारेपेक्षा फार नाजूक आहेत. प्रकाश टाकून ठराविक चेतापेशीच जाग्या करता येतात. २०११ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड अँडरसन यांच्या गटाने हायपोथॅलॅमसमधल्या एका छोट्या भागातल्या पेशी चेतवल्या. नर उंदराने मादीवर हल्ला केला, एवढेच काय, हवा भरलेल्या हातमोज्यावरही केला. इथेही केंद्राची आठवण होईल. पण त्याच भागात मीलनाच्या वेळी जाग्या होणाऱ्या पेशीही गुंफलेल्या आहेत, आणि मीलन रंगात आले की हल्ल्याच्या पेशी शांत होतात. २०१४ साली त्याच गटाला दिसले की पेशी थोड्या चेतवल्या तर उंदीर दुसऱ्याच्या अंगावर चढू पाहतो आणि जोरात चेतवल्या तर हल्ला करतो. म्हणजे ही कळ नाही. अनेक बाजूंनी आलेले निरोप जिथे एकत्र तोलले जातात असा तो नाका आहे. अमिग्डाला वासावरून समोर कोण आहे याची खबर देतो, सेप्टम हा भाग लगाम खेचतो, कपाळामागचा मेंदूचा भागही आवर घालतो, आणि हालचाल घडवणारा निरोप मेंदूच्या बुंध्याकडे जातो.

याहून महत्त्वाचे, हे जाळे अनुभवाने घडते. २०१७ साली असे दिसले की ज्या नर उंदराचा दुसऱ्या उंदरांशी संबंधच आलेला नाही, त्याच्या या भागात ‘समोर नर’ आणि ‘समोर मादी’ यांचे ठसे एकमेकांत मिसळलेले असतात. सहवास मिळाल्यावर ते वेगळे होतात. २०१८ चा आणखी एक अभ्यास शिक्षकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावा. दोन आठवडे एकटे कोंडलेले उंदीर अधिक भित्रे आणि अधिक हल्लेखोर झाले. त्यांच्या मेंदूत एक विशिष्ट रसायन एकाच जागी नव्हे तर अनेक जागी वाढले होते. एका जागी ते अडवले तर हल्ले कमी झाले, दुसऱ्या जागी अडवले तर भीती कमी झाली. एकटेपणा हा बाहेरचा प्रसंग, पण त्याने आतले जाळे ठिकठिकाणी बदलले.

ही गोष्ट लोणारच्या मुलांना समजावणे सोपे आहे. जून २०२० मध्ये आपल्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले तेव्हा त्यात खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव सापडले. मग रंगाचे कारण सूक्ष्मजीव, हे उत्तर पुरे का? पाणी आटले होते, ऊन होते, क्षार वाढले होते. पावसाने पाणी वाढल्यावर रंग फिका झाला. सूक्ष्मजीवाशिवाय रंग आला नसता हे खरे, आणि उन्हाळ्याशिवायही आला नसता हेही तितकेच खरे. मेंदूतल्या पेशी आणि टोळीतली परिस्थिती यांचे नाते असेच आहे.

इथे एक इशाराही द्यायला हवा. ‘जाळे’ हा शब्द ‘केंद्रा’सारखाच मंत्र होऊ शकतो. कोणती जागा कोणत्या जागेला निरोप देते, तो चेतवणारा आहे की आवरणारा, आणि तो तोडला तर नेमके काय बदलते, हे सांगितल्याशिवाय ‘मेंदूतल्या जाळ्यामुळे असे होते’ म्हणणे म्हणजे काहीच न म्हणणे. शिवाय यांतले बहुतेक काम पिंजऱ्यातल्या नर उंदरांवरचे आहे. तिथून थेट वानरावर, आणि वानरावरून थेट माणसावर उडी मारता येत नाही.

उडी मारली तर काय होते

ती उडी मारली गेली आहे. १९६७ साली अमेरिकेत डेट्रॉइटला मोठी दंगल झाली. गरिबी, बेकारी, वर्णद्वेष ही कारणे पुढे होती. त्याच वर्षी बॉस्टनच्या तीन डॉक्टरांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून सुचवले की त्याच वस्तीतले बाकीचे लोक शांत राहिले, तेव्हा दंगल करणाऱ्यांच्या मेंदूत काही बिघाड आहे का ते पाहावे. वस्तीचा प्रश्न एका वाक्यात कवटीच्या आत गेला.

आपणही यापासून दूर नव्हतो. १९६० च्या दशकापासून मद्रासमध्ये राममूर्ती आणि बालसुब्रमण्यम या शल्यचिकित्सकांनी अनावर, हिंसक वागणाऱ्या रुग्णांच्या अमिग्डालातला भाग नष्ट करण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. त्यांत लहान मुलेही होती. हे डॉक्टर निष्काळजी नव्हते. थकलेली कुटुंबे त्यांच्या दाराशी येत होती, औषधे थोडी होती, आणि जगातले इतर शल्यचिकित्सकही हेच करत होते. काही रुग्ण शांत झाले. पण रिव्हा माकडाने विचारलेला प्रश्न तिथेही उभा होता : हे मूल कोणाबरोबर राहते, कोणाशी वागताना ते हिंसक होते, आणि ते बदलून पाहिले का? नष्ट केलेला भाग परत आणता येत नाही. आज २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा शस्त्रक्रियेला रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती आणि मंडळाची परवानगी आवश्यक केली आहे. केंद्राच्या सोप्या गोष्टीने कायदा होईपर्यंत बरीच मजल मारली होती.

वर्गात आणि विवरात

आपल्या वर्गांत कोणी शस्त्रक्रिया करत नाही. पण ‘हा मुलगा मुळातच मारकुटा आहे’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत वर्षाच्या सुरुवातीला एकदा उच्चारले गेले की पुढच्या वर्गशिक्षकाकडेही तेच पोचते. ते वाक्यही बोट आतच दाखवते. त्याऐवजी एक वही ठेवा. मुलाने मारले तेव्हा आधी काय झाले होते, कोण जवळ होते, कोणता तास होता, नंतर इतरांनी काय केले ते लिहा. आणि तो शांत होता त्या तासांचीही तेवढीच नोंद करा. ही दुसरी नोंद कोणी करत नाही, म्हणूनच पहिल्या नोंदीवरून काढलेला निष्कर्ष फसतो. मारणाऱ्या मुलाला सबंध दिवस एकटे बसवण्याआधी कोंडलेल्या उंदरांची आठवण ठेवा. मूल म्हणजे उंदीर नव्हे. पण एकटेपणा हे औषध आहे असे मानायलाही काही आधार नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नेच मनाई केली आहे.

लोणारच्या आणि आसपासच्या शाळांना एक सोपा उपक्रम सुचवतो. विवराचा परिसर २००० सालापासून अभयारण्य आहे. वानरांना काही खायला न देता, लांबून, रोज एकाच वेळी अर्धा तास पाहावे. नववी-दहावीच्या मुलांनी चार रकाने आखावेत : कोण (हुप्प्या, पिल्लू असलेली मादी, पिल्लू नसलेली मादी, अर्धवट वाढलेले वानर), कोणावर, आधी काय घडले, नंतर काय घडले. कोणी कोणावर दात विचकले नाहीत असा अर्धा तासही तितक्याच काळजीने लिहावा. महिनाभराने वही उघडली की मुलांना स्वतःच दिसेल की बहुतेक वेळ वानरे खातात, झोपतात आणि एकमेकांचे केस विंचरतात. भांडणे थोडी असतात, आणि बहुधा ठराविक प्रसंगांभोवती गोळा होतात.

अशी एक वही लवूळमध्ये पकडण्याआधीच्या महिन्यात कोणी ठेवली असती, तर नेमकी तीच दोन वानरे का पकडली, याचे उत्तर देता आले असते. पुढची बातमी येईल तेव्हा ती वही आपल्या शाळेत असावी.